मोटर निवेपर्यंत

मशीन मध्येच बंद पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपला डावा हात मघापासून गळ्याशीच आहे. उजव्या हाताचा अंगठा फूड प्रोसेसरच्या बटणावर तसाच दाबलेला होता आणि बटणाखाली आता काहीच नव्हतं. एवढा मोठा घरघराट थांबला तसं स्वयंपाकघर एकदम रिकामं वाटायला लागलं. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, तो आवाजही. ओट्यावर तापलेल्या रबरासारखा वास पसरला होता, आणि झाकणाच्या आत ब्रेडच्या पिठाचा गोळा पात्याला मिठी मारून बसला होता. तिने अंगठा काढला. डावा हात मात्र निघेना. गळ्याच्या खाली, खांद्याकडे जाणाऱ्या हाडाच्या वर जी खळगी असते, तिथे त्या हाताची दोन बोटं चिकटून राहिली होती.

"काय गं, काय झालं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो बुटांना पॉलिश करत बसला होता. रविवारी सकाळी त्याने आठवड्याचे बूट घेऊन बसायचं आणि तिने ब्रेडचं पीठ मळायचं, हे लग्नानंतर कधीतरी सुरू झालं होतं आणि मग कुणी ते मोडलं नव्हतं.

"बंद पडलं."

"किती वेळ चालवलंस?"

"नेहमीएवढंच."

"मग बंद नाही पडायचं. मोटर तापली असणार. आता हात नको लावूस, निवू दे तिला. निवली की आपोआप चालू होईल. सेफ्टी असते ती."

नेहमीएवढंच हे खोटं होतं. किती वेळ बटण दाबून धरलं होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. खरं तर मिनिटभरही लागत नाही. आधी पीठ गरगरतं, मग रवाळ होतं, मग कुठूनसा त्याचा एक गोळा जमतो आणि भांड्याच्या भिंतीवर धपाधप आपटायला लागतो. आपटायला लागला की थांबायचं. आज तो आपटायला लागलेला तिने ऐकला होता. ऐकला आणि ऐकतच राहिली. डोक्यात दुसरंच चाललं होतं. डोक्यात तरी कुठे, सगळं त्या दोन बोटांत चाललं होतं. सकाळी अंघोळ करताना साबणाच्या हाताला तिथे काहीतरी लागलं, आणि तेव्हापासून चहा झाला, अंथरुणं आवरून झाली, पीठ मोजून झालं, पण ती अजून त्या साबणाच्या फेसातच उभी होती. वाटाण्याएवढं काहीतरी. वाटाण्याएवढंसुद्धा नसेल. नसेलच, असं म्हणून ती पुन्हा चाचपायची आणि ते पुन्हा असायचं.

स्टूल ओढून ती ओट्याशी बसली. मोटर निवेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. या मशीनचं हेच तिला पहिल्यापासून पटलं नव्हतं. पूर्वी हाताने मळायची तेव्हा तास कसा जायचा कळायचं नाही. तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रेटायचं, घडी घालायची, फिरवायचं, पुन्हा रेटायचं. मधेच थांबून चिमटीभर पीठ दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरायचं. न फाटता त्यातून उजेड दिसला की झालं. आठवड्याची सगळी भांडणं तिने त्या पिठात तिंबून काढली होती. ती नोकरी करते त्या चष्म्याच्या दुकानाचा मालक गिऱ्हाइकासमोर टाकून बोलला तो राग, पोरीने दूरच्या शहरात नोकरी धरली तेव्हाचं रडू, आई गेल्यानंतरचा तो कोरडाठाक महिना. पीठ काही विचारायचं नाही, सगळं मुकाट्याने घ्यायचं आणि वर फुगायचं. ब्रेड चांगला झाला की नवरा म्हणायचा, या आठवड्यात कुणाशी तरी जोरात वाजलेलं दिसतंय. आता ते सगळं मिनिटभरात उरकतं. उरलेला वेळ कुणाला द्यायचा? हातांना काम नसलं की ते आपल्याच अंगावर फिरायला लागतात. आणि फिरायला लागले की त्यांना काहीतरी सापडतं.

मशीन नवऱ्याने आणलं होतं, गेल्या वर्षी, ऑपरेशननंतर. उजवीकडचं सगळं काढून टाकलं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की या हाताला जन्मभर जपायचं. पिळायचं नाही, भरलेली बादली उचलायची नाही, पुन्हा पुन्हा जोर लावायचं कुठलंच काम नाही. हात सुजला तर कायमचा सुजेल. "आणि ब्रेडचं पीठ मळायचं?" तिने विचारलं होतं. एवढं सगळं झाल्यावर बाईला पीठ आठवतंय याचं डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "ब्रेड विकत मिळतो की हो," त्या म्हणाल्या. बाई चांगली होती, तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. तरीही राग आला होता, आणि तो तिंबायला हात नव्हता. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीच्या रंगाची एक घट्ट बाही चढवलेला तो हात मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली, तेव्हा तो आपला नाहीच, कुणाचा तरी सांभाळायला घेतलाय, असं तिला वाटलं होतं.

आई म्हणायची, ब्रेडच्या पिठाला पाणी कसं हवं, तर तान्ह्या पोराच्या बाटलीतल्या दुधासारखं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकायचा. गार लागला नाही, चटकाही बसला नाही, की ते पाणी. तिने आयुष्यभर तेच केलं. मशीनला ते चालेना. पहिले दोन-तीन ब्रेड आंबट झाले, मधोमध बसले, सुरीला चिकटले. तिला वाटलं आपल्या हाताची चवच गेली. मग नवऱ्याने चष्मा लावून मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं, सरकारी नियम वाचावेत तसं, आणि जाहीर केलं, "अगं, याला गार पाणी लागतं. फ्रिजमधलं. पातं इतकं जोरात फिरतं की त्यानंच पीठ तापतं. तू वर आणखी कोमट पाणी ओततेस." तिला ते मनातून पटलं नव्हतं. जिवंत ठेवायच्या गोष्टीवर गार पाणी ओतायचं? पण ब्रेड सुधारला. आज मात्र हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे गेला होता, त्यातच पाणी कोमट केलं होतं, मनगटावर थेंबही टाकून पाहिला होता. थेंब टाकताना मनात आईच होती. आई असती तर आपण तिला हाक मारून म्हटलं असतं, जरा इथे हात लावून बघ गं. आईने बघितलं असतं आणि म्हणाली असती, काही नाही, सर्दीची गाठ आहे, हळद लाव. आई चुकली असती, पण म्हणाली असती.

सर्दीची असू शकते. असतात ना. दुकानात ती माणसांच्या कानांमागे बोटं फिरवते, चष्म्याची काडी कुठे रुतते ते पाहायला. किती कान, किती हाडं, किती मस, किती गाठी. पोरांच्या मानेला तर वाटाण्यांची माळच असते, बोटाखाली सुळकन सरकणारी. सरकते ती चांगली, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ही सरकत नव्हती. आणि पिठातल्या गुठळ्या तर तिने जन्मभर शोधल्या. कोरड्या पिठाची गुठळी दाबली की फुटते, आतून भुकटी निघते, मग ती पिठात मिसळून जाते. ही फुटत नव्हती. दाबली की दुखतही नव्हती. दुखली असती तर किती बरं झालं असतं, आपण दुखण्याचीसुद्धा आशा करायला लागलो, असं वाटून तिला स्वतःची कीव आली आणि लगेच तिटकाराही आला. पुन्हा ती थंडगार खोली, पुन्हा ती सुई, पुन्हा केसांचे पुंजके उशीवर. पुन्हा सगळ्यांचे फोन. आणि या वेळी कुणी "बरी होशील" म्हणताना आधी किंचित थांबेल. ते थांबणं तिला आत्ताच ऐकू येत होतं. त्या सगळ्यातून पुन्हा जाण्याएवढं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावर तिने चटकन ओट्यावरचं सांडलेलं पीठ फडक्याने गोळा केलं.

बाहेर ब्रशचा आवाज येत होता. खसखस, मग थांबणं, मग बूट उजेडात धरून बघणं. तो न बघता काहीच सोडत नाही. लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. शहरभर फिरतो, इमारतींच्या गच्चीवरच्या मशिनच्या खोल्यांत शिरतो, ग्रीसने हात माखून घेतो आणि लिफ्टला पास किंवा नापास करतो. बहुतेक वेळा नापासच. वॉचमन लोकांनी त्याचं नाव नापाससाहेब ठेवलं होतं. तो इमारतीत शिरला की वर फोन जायचा, नापाससाहेब आले हो, लिफ्टमधलं सामान काढा. घरीही तेच. भाजीत मीठ जास्त झालं, नापास. पोरीचा गाण्याचा वर्ग, नापास. साडी अंगाला शोभत नसली की आरशातून बघून नापास. सुरुवातीला तिला रडू यायचं. तिच्या माहेरी सगळे एकमेकांना तोंडदेखलं छान छान म्हणायचे आणि पाठ फिरली की नाकं मुरडायचे. पुढे पुढे तिला कळलं, की या माणसाने पास म्हटलं की ते पासच असतं. मग त्या एका शब्दासाठी ती भाजीत मीठ जपून घालायला लागली.

लग्न नवं होतं तेव्हा एकदा ती हट्टाने त्याच्याबरोबर गेली होती. वरच्या खोलीत अंधार होता, तेलाचा वास होता. त्याने लिफ्ट अगदी सावकाश सोडायला सांगितली आणि सरकत्या लोखंडी दोराभोवती हातात एक जुनं सुती फडकं धरलं. नुसतं धरलं, हलकं. दोर फडक्यातून जात राहिला, जात राहिला, आणि एका जागी फडकं अडकलं. इतकंसं, धागा ओढला जाण्याएवढं. त्याने लिफ्ट थांबवली, फडकं मागे घेतलं, पुन्हा त्या जागी नेलं, पुन्हा अडकलं. मग त्याची बोटं तिथे थबकली. एक बारीकशी तार तुटली होती, केसाएवढी. त्याने लिफ्ट तिथल्या तिथे बंद केली. खाली एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती, वरच्या मजल्यावर राहणारी. तिने त्याचा पार उद्धार केला. इमारतीतले चार लोक हातघाईवर आले. तो ढिम्म. परत येताना तिने विचारलं, "एवढ्याशा तारेनं काय झालं असतं?"

"काही नाही. आज काहीच नाही."

"मग?"

"एक तुटली म्हणजे तिचा भार बाकीच्यांवर आला ना. त्यांचे दिवस आता मोजून राहिले."

तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस फार कोरडा आहे. तोच माणूस, ऑपरेशननंतर पट्ट्या निघाल्या त्या दिवशी, बेडरूमचं दार लावून तिच्यासमोर उभा होता. त्याआधी सगळ्या बायका येऊन गेल्या होत्या. काही कळतसुद्धा नाही गं, असं जाऊबाई तिच्या ब्लाउजकडे बघत, खरं तर न बघत, म्हणाल्या होत्या. तिने त्याच्यासमोर ब्लाउज काढला आणि म्हणाली, सांग. त्याने खूप वेळ पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टाका न टाका. मग म्हणाला, "नापास." आणि थोड्या वेळाने, "दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी." ती इतकी हसली की टाके दुखले, आणि हसता हसता त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. सगळ्या जगात एकाच माणसाने तिला खरं सांगितलं होतं. त्या आधारावर तिने पुढचे सगळे महिने काढले. आज त्याला हाक मारायची तर हीच अडचण होती. त्याचं बोट तिथे गेलं की तो खरं सांगणार. त्याने सांगितलं की ते घरात येऊन बसणार, जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीपाशी. जोवर ते फक्त तिच्या दोन बोटांना माहीत आहे, तोवर त्याला नाही म्हणता येतं. आणि तरीही, ते एकटीने धरून बसणं आता तिला मिनिटभरही झेपत नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याने तिथे हात लावावा, आणि काय आहे ते म्हणावं. नाही म्हणाला तर सुटले. आहे म्हणाला तरी निदान दोघं तरी असू.

तिने बटण दाबून पाहिलं. मशीनने एकदा गुरगुर केली आणि ते फिरायला लागलं. गोळा भांड्याच्या भिंतीवर थाडकन आपटला. तिने दचकून बटण सोडलं.

"चालू झालं ना?" तो आत आला. हाताची बोटं काळी झाली होती. "म्हटलं नव्हतं? निवली की होते. थांब, बाहेर मी काढतो, तू त्या हाताने ओढू नकोस." त्याने सिंकपाशी जाऊन साबणाने हात धुतले, नखं एकमेकांवर घासून, मग पुसले, मग झाकण फिरवून काढलं आणि पात्याला धरून पिठाचा गोळा उचलला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "अगं, हे केवढं तापलंय! पोराला ताप आलाय जसा. कुठलं पाणी घातलंस?"

"कोमट."

"कोमट? आणि किती वेळ दाबून धरलंस?"

"माहीत नाही मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने पीठ परातीत ठेवलं, दोन्ही हातांनी चाचपलं, इकडून, तिकडून. एक चिमटी ताणून खिडकीसमोर धरली. ती लगेच फाटली. "गुठळी नाही कुठे. पण हे गेलं. यीस्ट मेलं असणार, नाहीतर मरेल. नापास," तो म्हणाला. "टाकून दे, दुसरं करू. गार पाणी मी आणतो."

तो फ्रिजकडे वळला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. आपण काय करतो आहोत ते तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. "अरे, अजून एक तपासायचंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला, दुकानात गिऱ्हाइकाला मान जरा इकडे करा म्हणताना निघतो तसा. तिने गाऊनचं वरचं बटण काढलं आणि त्याची पीठ लागलेली बोटं त्या खळगीत नेऊन ठेवली.

त्याची बोटं हाडाच्या कडेने सावकाश सरकली, हलकी, खांद्यापासून गळ्याकडे. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तो खिडकीकडे. बोटं पुढे गेली. अडकली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा त्याच जागी आली आणि थबकली. तिला ते थबकणं माहीत होतं. तिने ते अंधारात, तेलाच्या वासात पाहिलं होतं. खालच्या मजल्यावरची बादली भरली असावी, पाणी वरून वाहून जमिनीवर पडायला लागलं होतं आणि कुणी नळ बंद करत नव्हतं. ती वाट बघत राहिली. तो शब्द आला की ती कोसळणार होती, त्याच्या अंगावर, मागच्या वेळेसारखी, आणि मग पुढचं पुढे.

"पास," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"बघितलं ना. काही नाही तिथे. पास." त्याने बोटं काढून घेतली. मग परातीतल्या गोळ्याकडे पाहिलं, आणि तोही हाताने उगाच थोपटला. "हेही तसं बरं आहे म्हणा. टाकू नकोस. फुगेल हे. पास."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पुन्हा खिडकीकडेच बघत होता. एवढ्या वर्षांत त्याने तिला सांगितलेलं हे पहिलं खोटं होतं, आणि त्याला ते नीट सांगता येत नव्हतं. लहान मुलासारखं ते त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर माखलं होतं. तिच्या काळजात धस्सही झालं नाही. नुसतं रिकामं झालं. आत्तापर्यंत तिला वाटत होतं की ते एकटीला माहीत आहे; आता ते दोघांना माहीत होतं आणि ती आधीपेक्षाही एकटी पडली होती. त्याला ओरडावं, हलवावं, म्हणावं, तू तरी असं करू नकोस रे. पण त्याचा खालचा ओठ थरथरत होता, आणि तो थरथरताना तिने आजवर कधी पाहिला नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला आपलं उगाचच वाटलं." माहेरी सगळे जसं बोलायचे तसं तिने ते म्हटलं, अगदी छान.

"तेच ना. तुझं आपलं काहीतरी." तो वळला. "हात धुऊन येतो," म्हणाला आणि सिंक समोर असताना बाथरूममध्ये गेला. आतून कडी लागली. नळ सुटला, पूर्ण.

गळ्याशी पीठ लागलं होतं, ते वाळून ओढल्यासारखं होत होतं. तिने गाऊनचं बटण लावलं. नळ चालूच होता. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर एक बूट चकचकीत झाला होता आणि दुसरा धुळीचाच होता. तिने फडकं ओलं केलं, डाव्या हाताने जमेल तेवढं पिळलं आणि परातीवर पसरलं. गोळ्याची ऊब फडक्यातूनही लागत होती. फडक्याच्या कडा तिने चारी बाजूंनी आत खोचल्या आणि पीठ फुगण्याची वाट बघत ती स्टुलावर बसून राहिली.